बॉल ज्याच्या हातात, शिव्या त्याच्या वाट्याला

२०२१ च्या सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. रात्री माझ्या भाच्याचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. तो तेव्हा ओक्लाहोमा विद्यापीठात पेट्रोलियम इंजिनिअरिंगचं एमएस करत होता आणि नॉर्मन गावातल्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला गेला होता. मेसेजमध्ये त्याचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नव्हता. मागे हजारो पोरं एका सुरात ओरडत होती, "वी वॉन्ट केलेब! वी वॉन्ट केलेब!" आम्हाला केलेब पाहिजे. शेवटी भाचा फोनला तोंड लावून ओरडला, "मामा, आपलंच ग्राउंड, आपलीच टीम, आणि आपल्याच पोराला हाकलतायत!"

हाकलत होते त्याचं नाव स्पेन्सर रॅटलर. ओक्लाहोमाच्या टीमचा क्वार्टरबॅक. तीन दिवसांनी त्याला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती. ज्याला बोलवत होते तो केलेब विल्यम्स, पहिल्या वर्षाचा पोरगा, बेंचवर बसलेला.

आणि ओक्लाहोमा हरत-बिरत नव्हती बरं का. मोसमात तोवर एकही मॅच गेली नव्हती, देशात चौथा क्रमांक होता. त्या रात्रीही वेस्ट व्हर्जिनियाला त्यांनी शेवटच्या किकवर १६-१३ असं हरवलं. रॅटलरने ३६ पास टाकले, त्यातले २६ पोहोचले, म्हणजे बहात्तर टक्के. आपल्याकडे बहात्तर टक्क्यांना पेढे वाटतात. तिथे ऐंशी हजारांच्या स्टेडियममध्ये त्याच्या नावाने शिमगा चालला होता.

मी त्या वेळी डॅलसजवळ प्लॅनोला राहत होतो. क्रिकेटवर वाढलेला माणूस, अमेरिकन फुटबॉल मला वीस वर्षांत जेमतेम कळायला लागला होता. पण त्या एका मोसमाने मला जे शिकवलं ते आधीच्या वीस वर्षांत कळलं नव्हतं: क्वार्टरबॅकचा फॉर्म गेला असं लोक म्हणतात, तेव्हा प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो. म्हणून तो वाद कधी मिटत नाही.

आधी खेळ थोडक्यात. दोन्हीकडे अकरा-अकरा जण. बॉल ज्यांच्याकडे, त्यांना दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. दहा यार्ड म्हणजे साधारण नऊ मीटर. जमलं तर पुन्हा नव्या चार संधी. असं करत मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचलं की टचडाउन, सहा गुण. प्रत्येक संधीची सुरुवात एकाच प्रकारे होते. मधला जाडजूड खेळाडू, ज्याला सेंटर म्हणतात, तो दोन पायांमधून बॉल मागे देतो आणि क्वार्टरबॅक तो घेतो. पुढचे अडीच-तीन सेकंद सगळं त्याच्यावर. शेजारच्या धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, स्वतः पळायचं, की लांब फेकायचा? समोरून शंभर-सव्वाशे किलोची चार माणसं त्याच्या अंगावर येत असतात आणि त्याच्या बाजूची पाच तेवढीच मोठी माणसं त्यांना अडवत असतात. या पाच जणांना लाइन म्हणतात. लाइनने त्याच्याभोवती जी जागा राखलेली असते तिचं नाव पॉकेट. त्या पॉकेटमध्ये उभं राहून, कोण मोकळा आहे ते ठरलेल्या क्रमाने बघायचं: पहिला बंद, दुसरा बंद, तिसरा मोकळा, टाक. पास जमिनीवर पडला तर एक संधी वाया. समोरच्याने झेलला तर बॉलच त्यांचा. तेच इंटरसेप्शन, लोकांच्या डोक्यात तिडीक जाते ती इथे.

क्रिकेटमध्ये बॅट्समन शून्यावर गेला तरी बाकीचे दहा असतात. इथे प्रत्येक चालीत बॉल आधी याच माणसाच्या हातात. म्हणून जिंकलं की देव्हाऱ्यात, हरलं की चव्हाट्यावर.

आता रॅटलर एवढा डोळ्यांत का आला, ते समजायला त्याच्याआधी त्या जागेवर कोण होतं ते बघावं लागतं. लिंकन रायली २०१७ मध्ये ओक्लाहोमाचा मुख्य कोच झाला. पहिल्या वर्षी त्याचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड. त्याला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक मान, आणि नंतर व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिला क्रमांक. पुढच्या वर्षी कायलर मरी. पुन्हा हाइझमन, पुन्हा पहिला क्रमांक. तिसऱ्या वर्षी जेलन हर्ट्‌स, हाइझमनच्या मतदानात दुसरा. लोकांना वाटायला लागलं की रायलीच्या हाताखाली उभा केला तर विजेचा खांबही हाइझमन आणेल. या तिघांत एक साम्य होतं, ते गर्दीला कधी दिसलं नाही. तिघेही दुसऱ्या कॉलेजातून आलेले, आधी कुठे ना कुठे डावलले गेलेले किंवा ठेचा खाल्लेले. रॅटलर मात्र फीनिक्सच्या शाळेतून थेट आलेला. २०१९ च्या तुकडीत देशातल्या शालेय क्वार्टरबॅकांत पहिला समजला गेलेला. डोक्यावर अपेक्षांचं गाठोडं, आणि अजून कुणी नाकारल्याचा अनुभव नाही.

मुख्य क्वार्टरबॅक म्हणून पहिलं वर्ष, २०२०, चांगलंच गेलं. सुरुवातीला कॅन्सस स्टेट आणि आयोवा स्टेटकडून हार, टेक्सासविरुद्ध मध्येच थोडा वेळ बाहेर बसवलं गेलं, मग परत येऊन चार ओव्हरटाइमपर्यंत ताणलेली ती मॅच जिंकली. शेवटी टीम आपल्या गटात विजेती, आणि वर्षाअखेर कॉटन बोल नावाच्या मानाच्या मॅचमध्ये फ्लोरिडावर ५५-२०. पुढचा मोसम सुरू व्हायच्या आधी हाइझमनसाठी सगळ्यात पुढे नाव रॅटलरचं. त्यात १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींचे पैसे घ्यायला पहिल्यांदाच परवानगी मिळाली, आणि रॅटलरने लगेच स्वतःचा लोगो काढला, करार केले, गाड्या मिळाल्या. माझ्या मते त्या आरोळीत याचा वाटा मोठा होता. आधी "पोरगा आहे, शिकतोय" म्हणून जीभ आवरायची. आता "पैसे घेतो ना, मग ऐकून घे" अशी मुभा लोकांनी स्वतःला देऊन टाकली.

बरं, फॉर्म खरंच गेला होता का? इथे आकड्यांत शिरावं लागेल. सोपे आहेत, घाबरू नका.

२०२० मध्ये रॅटलरने ३१७ पास टाकले, २१४ पोहोचले. साडेसदुसष्ट टक्के. २०२१ मध्ये, पुढे त्याला बसवलं तेही धरून, १८७ टाकले आणि १४० पोहोचले. पंचाहत्तर टक्के. म्हणजे ज्या वर्षी "याला जमत नाही" म्हणून बोंब झाली, त्या वर्षी त्याची अचूकता वाढली होती! एक बाजू हा आकडा घेऊन भांडायची. दुसऱ्या बाजूकडे दुसरा आकडा. २०२० मध्ये ३१७ पासांत ३,०३१ यार्ड, म्हणजे एका पासामागे साडेनऊ. २०२१ मध्ये १८७ पासांत १,४८३, म्हणजे एका पासामागे आठहूनही थोडे कमी. टचडाउन आधी २८, नंतर ११. प्रमाण काढलं तर शंभर पासांमागे जवळजवळ नऊवरून सहावर.

आता हे क्रिकेटच्या भाषेत सांगतो, एका ओळीत कळेल. त्याची सरासरी वाढली होती आणि स्ट्राइक रेट पडला होता.

कॉलेज फुटबॉलमध्ये हे सगळं एकत्र करणारं एक सूत्रही आहे. यार्डांना ८.४ ने गुणायचं, टचडाउनला ३३० ने, पोहोचलेल्या पासांना १०० ने. सगळ्याची बेरीज करून इंटरसेप्शनमागे २०० वजा करायचे आणि एकूण पासांनी भागायचं. किराणा दुकानदाराच्या वहीसारखं आहे, पण चालतं. रॅटलरचा हा आकडा २०२० मध्ये १७२.६ होता, २०२१ मध्ये १५५.५. म्हणजे घसरण खरी. पण १५५ हा काही कुणाला हाकलायचा आकडा नाही. बऱ्याच कॉलेजांनी तेवढ्यावर देवाला नारळ फोडला असता. शिवाय त्यात वेस्टर्न कॅरोलायनाविरुद्धची मॅच आहे, जी ओक्लाहोमाने ७६-० अशी जिंकली. अख्खा मोसम बारा-तेरा मॅचचा, त्यात पाच-सहा मॅचवरून निकाल लावायचा, त्यातली एक अशी एकतर्फी. रणजीच्या पाच इनिंगांवरून आपण कुणाचा फॉर्म ठरवू का? ठरवतो म्हणा, चहाच्या टपरीवर रोजच ठरवतो.

स्ट्राइक रेट का पडला, हा या सगळ्यातला माझा आवडता भाग.

रायलीचा खेळ लांब पासांवर उभा होता. आधी धावण्याचा आव आणायचा, समोरचे पुढे सरकले की त्यांच्या डोक्यावरून चाळीस यार्ड. याला उतारा आयोवा स्टेटचा बचावाचा कोच जॉन हीकॉक याने शोधला आणि हळूहळू त्या गटातल्या बाकीच्यांनी उचलला. नेहमी चार जण क्वार्टरबॅकवर धाव घेतात आणि सात जण मागे राहतात. यांनी धाव घेणारे तीनच ठेवले आणि मागे आठ. त्यातले दोन-तीन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे राखणदार, इतके खोल की डोक्यावरून काही जाऊच नये.

डोळ्यांसमोर आणा: कॅप्टनने सगळे फिल्डर बाउंड्रीवर नेऊन ठेवलेत. सिक्स मारायला जागा नाही. एक-एक धाव हवी तेवढी घ्या. ज्याला धीर आहे तो तीस सिंगल घेतो आणि कॅप्टनला फिल्ड बदलायला लावतो. ज्याला सिक्सचीच सवय आहे तो बारा सिंगल घेतो, कंटाळतो आणि तेराव्याला लाँग-ऑनच्या हातात देतो. रॅटलरची पंचाहत्तर टक्के अचूकता म्हणजे ते सिंगल. आणि इंटरसेप्शन म्हणजे तो तेरावा.

यात एक विचित्र गोष्ट आहे. तीनच जण अंगावर येत असल्याने क्वार्टरबॅकला वेळ जास्त मिळतो. प्रेक्षकाला वाटतं, बाबा रे, एवढा वेळ आहे, टाक की! पण पाच रिसीव्हर, म्हणजे पास झेलायला पळणारे, आणि त्यांच्यावर आठ राखणदार. वेळ आहे, जागा नाही. मग तो बॉल धरून बसतो. चौथ्या सेकंदाला पाय हलायला लागतात, पॉकेट शाबूत असतानाही तो मागे सरकतो, उजवीकडे पळतो, आणि पळता पळता टाकलेला पास एक हात मागे पडतो. "मामा, हा बॉल सोडतच नाही," हे वाक्य भाच्याने त्या मोसमात मला किमान पन्नास वेळा ऐकवलं असेल. खरंच होतं ते. पण सोडत का नाही, याचं उत्तर टीव्हीवर दिसत नाही.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून जरा थांबतो. टीव्हीचा कॅमेरा बॉलवर असतो. चाल सुरू व्हायच्या क्षणी सेफ्टी वीस यार्ड मागे, म्हणजे चौकटीच्या बाहेर. रिसीव्हर पळत निघाले की तेही चौकटीबाहेर. पडद्यावर उरतो कोण? क्वार्टरबॅक, त्याची लाइन आणि त्याच्या अंगावर येणारे. कोच लोक जो व्हिडिओ बघतात त्यात वरून सगळे बावीस जण दिसतात. कॉलेजच्या मॅचचा तो व्हिडिओ तुमच्याआमच्यापर्यंत सहसा येत नाही. म्हणजे सोफ्यावर बसून जो माणूस "अरे, तो मोकळा होता!" म्हणतो, त्याने तो मोकळा असलेला माणूस फक्त रिप्लेमध्ये बघितलेला असतो, आणि रिप्ले दाखवणाऱ्याने त्यालाच निवडून दाखवलेला असतो.

इंटरसेप्शनचंही तसंच. कधी पास खराब असतो. कधी रिसीव्हर डावीकडे वळायच्या ऐवजी सरळ पळतो, आणि क्वार्टरबॅकने तो वळेल असं धरून बॉल आधीच सोडलेला असतो. कधी रिसीव्हरच्या हातावर लागून वर उडतो. वहीत तिन्ही एकाच नावावर.

भाच्याच्या लॅबमध्ये तल्साचा एक मुलगा होता, घरात तीन पिढ्यांपासून ओक्लाहोमाची भक्ती. त्याचं म्हणणं, दोष लाइनचा. त्यात तथ्य होतं. आदल्या वर्षीचा सेंटर क्रीड हम्फ्री कॅन्सस सिटीच्या व्यावसायिक टीममध्ये गेला होता. सेंटर नुसता बॉल मागे देत नाही. समोरून कोण कुठून येणार हे ओळखून बाकी चौघांना तोच ओरडून सांगतो. तो गेला की उरलेल्यांना आपापली कामं नव्याने शिकावी लागतात. धावणारा रामॉन्ड्रे स्टीव्हनसनही न्यू इंग्लंडला गेला. धावण्याचा धाक कमी झाला की समोरचे आठ जण निवांत मागे थांबू शकतात. म्हणजे हेही शेवटी तिथेच येऊन पोहोचतं.

लॅबमधलीच एक मुलगी म्हणायची, दोष रायलीचा. चाली तोच सांगतो ना? समोरचे आठ मागे ठेवतात हे दिसत असताना लांबचे पास मागवतो कशाला? तिचंही काही चुकत नव्हतं.

आणि भाचा स्वतः? तो आरोळी ठोकणाऱ्यांत नव्हता असं तो सांगतो. मला शंका आहे.

त्या लोकांबद्दल एक सांगायला हवं. ओक्लाहोमाच्या टीमला सूनर्स म्हणतात. २२ एप्रिल १८८९ ला भर दुपारी बारा वाजता तिथली जमीन पळत जाऊन ताब्यात घ्यायची असं सरकारने जाहीर केलं होतं. जे ठरल्या वेळेआधीच गुपचूप आत घुसले ते सूनर. घाईचं नाव अभिमानाने लावून फिरणारी ही मंडळी. त्यांच्याकडून धीराची अपेक्षा करायची म्हणजे कमालच.

पुढच्या शनिवारी कॅन्सस स्टेटविरुद्ध रॅटलरने २५ पैकी २२ पास पोहोचवले आणि मॅच ३७-३१ जिंकली. वाद थांबला? छे. त्याच्या पुढच्या शनिवारी टेक्सास.

ती मॅच दरवर्षी डॅलसच्या कॉटन बोल स्टेडियममध्ये होते, राज्याच्या जत्रेच्या आवारात. बाहेर पाळणे आणि तळणाचा वास, आत प्रेक्षक मधोमध कापल्यासारखे: अर्धं स्टेडियम लाल, अर्धं नारिंगी. भाचा आदल्या रात्री तीन तास गाडी चालवून आमच्याकडे आला होता. तिकीट मिळालं नव्हतं. ९ ऑक्टोबर, नवरात्र नुकतंच बसलेलं, मामीचा उपास. सकाळी अकराला मॅच सुरू झाली आणि त्याच वेळी साबुदाण्याची खिचडी समोर आली. पहिला क्वार्टर, म्हणजे पाव मॅच, संपला तेव्हा टेक्सास २८, ओक्लाहोमा ७. खिचडी बशीत तशीच.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये ओक्लाहोमाची चौथी संधी, एकच यार्ड हवं. रायलीने रॅटलरला बाहेर बोलावलं आणि त्या एका चालीसाठी केलेब विल्यम्सला आत पाठवलं. एक यार्ड घ्यायला गेलेला पोरगा ६६ यार्ड पळत जाऊन टचडाउन करून आला. भाचा उठून उभा राहिला, मामी स्वयंपाकघरातून "काय झालं, काय झालं" करत बाहेर. त्यानंतर रॅटलर परत आला, पण त्याचा एक पास समोरच्यांनी झेलला होता आणि आता एक बॉल हातातून निसटला. १५ पैकी ८. मग रायलीने विल्यम्सलाच ठेवलं.

इथून जे झालं ते सगळ्यांनी "विल्यम्स भारी, रॅटलर टाकाऊ" असं वाचलं. मला ते वाचन अपुरं वाटतं. मागे आठ जण ठेवण्याचा डाव चालतो कधी? क्वार्टरबॅक पळणार नाही या भरवशावर. मागचे आठही जण पास अडवायला खोल गेलेले असतात. त्यात एक पळणारा उभा केला की डावाचं गणितच मोडतं. पहिल्यांदा तो ६६ यार्ड जातो. दुसऱ्यांदा समोरच्यांना एक-दोघांना पुढे आणून त्याच्यावर नजर ठेवायला लावावं लागतं. आणि ते पुढे आले की मागे जागा मोकळी, जी रॅटलरला सहा आठवडे मिळाली नव्हती. विल्यम्सने त्या जागेत पास टाकले: २५ पैकी १६, २१२ यार्ड, दोन टचडाउन. तो गुणी होताच, प्रश्न नाही. पण कुलपाला जी किल्ली लागत होती तीही त्याच्याच खिशात होती.

म्हणून माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: रॅटलरला दिलेला दोष निम्म्याहून जास्त चुकीचा होता, आणि त्याला बसवणं बरोबर होतं. भाच्याला हे पटत नाही. त्याच्या मते दोष नसेल तर शिक्षा का? मी म्हणतो, ती शिक्षा नव्हतीच. पिच वळतंय म्हणून फास्ट बोलरला वगळून स्पिनर घेतो, तेव्हा फास्ट बोलरचा गुन्हा काय असतो? पण ऐंशी हजार लोकांसमोर विशीतल्या मुलाला हा फरक कोण समजावून सांगणार.

त्या मॅचमधला एक क्षण मात्र कुठल्या वादात बसत नाही. चौथा क्वार्टर. विल्यम्सच्या ५२ यार्डांच्या पासवर मार्विन मिम्सने टचडाउन केला आणि ओक्लाहोमा दोन गुणांनी मागे राहिली, ३९-४१. टचडाउननंतर दोन जादा गुणांसाठी एक चाल खेळता येते, गोलरेषेपासून तीन यार्डांवरून. त्या एका चालीसाठी मैदानात आला रॅटलर. दीड तास बाजूला हेल्मेट घेऊन उभा असलेला. बॉल घेतला, ड्रेक स्टुप्सला दिला, ४१-४१, आणि परत बाजूला जाऊन उभा राहिला. ओक्लाहोमाने ती मॅच ५५-४८ अशी जिंकली, शेवटचे तीन सेकंद असताना. गाणी विल्यम्सची झाली. ते साहजिकच होतं.

पुढच्या आठवड्यात कोण खेळणार हे रायली सांगेना. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राच्या पोरांनी एका सार्वजनिक इमारतीतून सराव बघितला आणि मुख्य टीमबरोबर विल्यम्स खेळतोय असं छापून टाकलं. कोच मंडळी भडकली, पत्रकारांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. मला तर त्या पोरांचं कौतुक वाटलं. शनिवारी विल्यम्सच खेळला.

या सगळ्याखाली एक व्यवहाराची गोष्टही होती, आणि ती आता प्रत्येक कॉलेजात असते. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली होती. पूर्वी बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. आता बेंचवरच्या हुशार मुलाला फार काळ बसवून ठेवलं तर तो बॅग भरणार, आणि त्याला खेळवलं तर पहिला बॅग भरणार. कोचला फॉर्म बघायचा असतोच, पण त्याबरोबर पुढच्या दोन वर्षांचं घर कुणाच्या भरवशावर बांधायचं तेही बघायचं असतं. गंमत अशी की ओक्लाहोमाच्या हाती दोघांपैकी कुणीच लागलं नाही. २७ नोव्हेंबरला ओक्लाहोमा स्टेटकडून हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी रायली कॅलिफोर्नियाला, यूएससी विद्यापीठाकडे निघून गेला. रॅटलर साउथ कॅरोलायनाला गेला. विल्यम्स रायलीच्या मागोमाग गेला आणि २०२२ ची हाइझमन तिकडे घेतली. त्या दिवसांत नॉर्मनच्या दुकानांत लाल टी-शर्टवर सूट लागली होती, असं भाचा सांगायचा.

साउथ कॅरोलायनात रॅटलरची सुरुवात अडखळत झाली. तिथेही कुरकुर सुरू झाली. मग १९ नोव्हेंबर २०२२. समोर टेनेसी, देशात पाचवी. रॅटलर: ३७ पैकी ३०, ४३८ यार्ड, सहा टचडाउन. स्कोअर ६३-३८. पुढच्या आठवड्यात क्लेमसनच्या घरात जाऊन ३१-३०, आणि क्लेमसनची घरच्या मैदानावर सलग चाळीस विजयांची माळ तुटली. खांदा तोच, माणूस तोच. भाचा तोवर नोकरीला ह्यूस्टनला गेला होता. त्या रात्री त्याचा मेसेज एका शब्दाचा होता: "सहा!!!"

२०२४ च्या एप्रिलमध्ये व्यावसायिक लीगची निवड झाली. गुरुवारी रात्री पहिलंच नाव केलेब विल्यम्स, शिकागो. शनिवारी, पाचव्या फेरीत, दीडशेवं नाव स्पेन्सर रॅटलर, न्यू ऑर्लिन्स. एकाच कॉलेजच्या एकाच जागेसाठी भांडलेले दोघे, एकाच वर्षी, मध्ये एकशे एकोणपन्नास पायऱ्या.

२०२५ चा मोसम न्यू ऑर्लिन्सने रॅटलरला घेऊन सुरू केला. आठ मॅचमध्ये एक विजय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, सुपरडोममध्ये मॅच सुरू असतानाच, त्याला काढून टायलर शक नावाच्या नव्या मुलाला आत पाठवलं. मी जेवायला बसलो होतो. भाच्याचा फोन.

"मामा, परत तेच. परत बसवला."

"मागे किती जण ठेवले होते रे त्यांनी?"

"टीव्हीवर कुठे दिसतं ते," तो म्हणाला.